सिरॅमिक पॅड, दसरा आणि माझा तो मेसेज

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी यात माझी चूक जरा बारीक करीन, दुसऱ्याची जरा मोठी करीन, आणि परवापर्यंत गोष्ट अशी होईल की मीच बिचारी. मी ओळखते स्वतःला. म्हणून आत्ता, एका दमात, टायपिंगच्या चुका माफ करा.

गोष्ट ब्रेक पॅडची आहे. हसू नका.

आमची गाडी पांढरी, जुनी, पप्पांनी सेकंडहँड घेतलेली. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते, म्हणजे पत्रा दाबायच्या मोठ्या मोठ्या मशिनी, दिवसभर धाड धाड. आता रिटायर झालेत. त्या धाड धाडीनं झालंय असं की त्यांना बारीक आवाज येतच नाय. समोर तोंड करून बोललं तर सगळं कळतं. पण कुकरची शिट्टी, मोबाईलची रिंग, दारावरची बेल, काहीच नाय.

आणि गाडीचे ब्रेक ओरडायला लागले ते नेमके तसल्याच बारीक आवाजात. कीईईई. दातांना मुंग्या येतील असा. सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे, तिथं पप्पांनी ब्रेक दाबला की कट्ट्यावरचे सगळे काका एकदम मान वळवायचे. आणि पप्पांना वाटायचं, आपल्याला नमस्कार करायला बघतायत! ते खुशीत हात वर करायचे. मी बाजूच्या सीटवर खाली खाली सरकायचे, ओढणी तोंडावर.

"पप्पा, ब्रेक ओरडतायत."

"कुठं?"

"आत्ता! हे काय!"

"मला तर काय येत नाय बुवा."

"म्हणूनच सांगते ना!"

बरं, मी शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. नोकरी लागून दीड वर्ष झालं. पार्ट खराब निघाला की तो का खराब निघाला हे शोधायचं, हे माझं काम. त्यामुळं घरात असा समज झालाय की हिला सगळं कळतं. आणि समज पसरवला कुणी? मीच.

मग मी चार दिवस कंपनीच्या बसमध्ये येता-जाता ब्रेक पॅडचे व्हिडिओ बघितले. नुसते ब्रेक पॅड. साधे कसे असतात, मेटॅलिक कसे असतात, सिरॅमिक कसे असतात. शेजारी बसणारी मॅडम म्हणाली पण, "अगं, मुलं बघायच्या वयात तू हे काय बघतेस?" चौथ्या दिवशी मी जेवताना जाहीर केलं, "सिरॅमिक टाकायचे. आवाज नाय, काळी धूळ नाय."

पप्पा म्हणाले, "चाचाला विचारू."

आता चाचा. पडेगाव रोडला त्यांचं गॅरेज आहे, पत्र्याचं शेड अन् बाहेर लिंबाचं झाड. पप्पांच्या पहिल्या स्कूटरपासून त्यांच्याकडंच जातो आम्ही. चाचांचा आणि पप्पांचा दोस्ताना काय आहे हे मला शब्दात सांगता यायचं नाय, कारण ते दोघं फारसं बोलतच नाहीत. दर रविवारी सकाळी पप्पा तिथं जातात, स्टुलावर बसतात, चाचा काम करतात, दोघं चहा पितात, पप्पा घरी येतात. आई म्हणते, "जाऊन करता काय?" पप्पा म्हणतात, "बसतो."

चाचांनी पुढचं चाक काढलं आणि जुना पॅड काढून माझ्या हातावर ठेवला. घासून घासून नुसता पापडाएवढा पातळ राहिलेला. त्याच्या कडेला एक छोटी लोखंडी पट्टी.

"ये देख बेटा. पॅड खतम होने को आया की ये पत्ती डिस्क को लगती. वोईच चिल्लाती. कंपनीनंच ठेवलेली असते, खबर द्यायला."

"म्हणजे बदलायचेच ना? मग सिरॅमिक टाका."

चाचा हसले. "गाडी कोण चलाता? ये मेरा दोस्त. कित्ता चलाता? सिडको से पडेगाव, पडेगाव से सिडको. साल में एक बार अजिंठ्याला पाव्हण्यांकडं. इसकू कंपनी के सादे पॅड बस हैं."

"नाय चाचा, सिरॅमिकच. मी सगळं बघितलंय."

"हौ, अच्छाच है सिरॅमिक. मैं कब खराब बोला? जरूरत नै, इतना बोला."

"तरी पण."

चाचांनी पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "तिला कळतं रे. क्वालिटीत आहे ती." आणि एवढ्या अभिमानानं म्हणाले ना, की आत्ता लिहिताना माझे कान गरम झाले.

तर चाचांनी स्पेअरच्या दुकानाला फोन केला, खोकं आलं, सील मी स्वतः फोडलं. हे लक्षात ठेवा, सील मी फोडलं. चाचांनी ब्रेकची पिन साफ केली, ग्रीस लावलं, पॅड धरून ठेवणाऱ्या नवीन पट्ट्या टाकल्या, पॅड बसवले. बसवताना ते मला काहीतरी समजावून सांगत होते. आठ-दहा दिवस आरामात चालव, कचकन दाबू नको, पॅडला डिस्कवर बसू दे. इथपर्यंत मला आठवतंय. पुढचं मी फक्त "हां हां चाचा" केलं, कारण मी कॉलनीच्या ग्रुपवर पॅडचा फोटो टाकत होते. 'फायनली सिरॅमिक!!!' असं लिहून.

आवाज बंद झाला. एकदम बंद! स्पीडब्रेकरवर काकांनी माना वळवल्या नाहीत. पप्पांनी सवयीनं हात वर केला, कुणीच बघितलं नाय. मी तर हवेत.

मग दसरा आला.

आमच्याकडं खंडेनवमीला गाडी धुतात, दसऱ्याला पूजा. यावेळी म्हटलं, मीच करणार सगळं. शॅम्पूनं धुतली, काचा पुसल्या, आणि टायर काळेभोर चमकायला पाहिजेत म्हणून बाजारातून टायर पॉलिशचा स्प्रे आणला. मारला. नुसता मारला नाय, मनसोक्त मारला. आमच्या गाडीला पप्पांनी हौसेनं ते जाळीचे अलॉय व्हील बसवलेत, त्याच्या फटींतून आतपर्यंत. आत एवढं चकचकीत दिसतंय ना, म्हणून अजून थोडा.

दुसऱ्या दिवशी आईनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पप्पा म्हणाले, "काय दिसतीय गाडी!" आणि आम्ही तिघं गारखेड्याला मावशीकडं सोनं द्यायला निघालो. चालवत मी होते.

जालना रोडच्या सिग्नलला ब्रेक दाबला.

कीईईईईई!

आधीपेक्षा डबल. आणि गाडी थांबायला जरा उशीर झाला. लई नाय, हातभर. पण त्या हातभरानं समोरच्या रिक्षाच्या मागच्या झेंडूच्या माळेला आमचा बंपर टेकला. रिक्षावाला वाकून मागं बघत म्हणाला, "ताई, ब्रेक लावा नायतर हॉर्न लावा. दोन्ही एकदम कशाला?"

आई मागून "अगं माय" म्हणाली. पप्पांनी वरचं हँडल गच्च धरलेलं. त्यांना आवाज आलाच नव्हता. त्यांना फक्त गाडी उशिरा थांबलेली कळली होती. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "असू दे, असू दे, होतं." म्हणजे त्यांना वाटलं माझंच ड्रायव्हिंग चुकलं. आणि मला ते सहन झालं नाय. खरं कारण तिथंच आहे सगळ्याचं.

मी म्हणाले, "पप्पा, चाचांनी डुप्लिकेट पॅड टाकलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी गाडी घेऊन गॅरेजवर. तिथं तीन-चार गिऱ्हाईकं उभी. एक बिडकीनवरून आलेले काका, त्यांच्या पिकअपचं काम होतं. मी खाली उतरले, दार आपटलं, आणि तिथूनच सुरू.

"चाचा, हे काय टाकलंय तुम्ही? आठ दिवस झाले नाहीत अन् आवाज! काल ॲक्सिडेंट झाला असता आमचा! डुप्लिकेट आहेत हे!"

चाचा हात पुसत आले. "गाडी छोड़ के जा बेटा. खोलके देखता."

"परत तुमच्याकडं? कशाला? अजून एक डुप्लिकेट टाकायला?"

पिकअपवाले काका म्हणाले, "अवं ताई, खोलून तर बघू द्या त्यांना."

"तुम्ही नका मध्ये पडू. तुमच्या गाडीत काय टाकलंय ते बघा आधी."

हे मी बोलले. चाचांनी मला लहानपणी स्कूटरच्या पुढं उभं राहिलेलं बघितलंय, त्यांना मी हे चारचौघांत बोलले. ते नुसतं फडक्यानं हात पुसत राहिले. हात केव्हाच पुसून झाले होते.

मी गाडीत बसले आणि तिथंच, काच वर करून, कॉलनीच्या ग्रुपवर टाइप केलं. गॅरेजच्या पाटीच्या फोटोसकट. 'सावधान!!! इथं डुप्लिकेट पार्ट टाकतात. आमचा दसऱ्याच्या दिवशी जीव जाता जाता वाचला. कृपया सगळ्यांना पाठवा.' माझा टायपिंगचा स्पीड भारी आहे, सगळे म्हणतात. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

घरी पप्पांना सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, म्हणतील चाचा असं करणार नाय. पण ते म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असंल."

संपलं. एवढंच. इतक्या वर्षांचा दोस्त, आणि माझ्या एका वाक्यावर "असंल."

त्या रविवारी पप्पा गॅरेजवर गेले नाहीत. पेपर घेऊन बसले. दुपारी आईनं विचारलं तर म्हणाले, "पाय दुखतोय."

मी मधल्या वारी सुट्टी टाकून गाडी जालना रोडच्या एका मोठ्या चकाचक वर्कशॉपला नेली. एसी, सोफा, कॉफी. तिथल्या सुपरवायझरनं चाक उतरवलं, डिस्कवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि मला विचारलं, "मॅडम, टायरला काय मारलं होतं?"

"पॉलिश. दसऱ्याला."

"इकडून मारलं का? जाळीतून?"

"हो."

"मग ते डिस्कवर गेलं. पॅडनं पिऊन टाकलं. तेलकट झालं की ब्रेक ओरडणारच, अन् नीट पकडणार पण नाय. नशीब तुमचं." त्यानं पॅड उलटा करून मागचा नंबर दाखवला. "पॅड एक नंबर आहेत. ओरिजिनल. बसवलेत पण व्यवस्थित, ग्रीस-बिस सगळं जागेवर. कुणी बसवले? चांगला माणूस आहे."

मी म्हटलं, "पडेगावला एक आहेत."

"पण आता हे गेले. तेल प्यालेला पॅड परत चालत नाय. नवीन टाकावे लागतील. कोणते टाकू? सिरॅमिक?"

तुम्हाला सांगते, तेव्हा मला वाटलं हा माणूस मुद्दाम विचारतोय. तो साधाच विचारत होता. मी म्हणाले, "साधे. कंपनीचे."

आणि आता सगळ्यात घाण भाग. मी घरी येऊन खरं सांगितलं नाय. पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "बदलले. झालं." तेवढंच. खोटं नाय म्हणजे, पण पप्पांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. ते म्हणाले, "माणूस बदलतो वय झालं की. त्याला पण अडचण असंल काहीतरी." म्हणजे ते चाचांसाठी कारणं शोधत होते! चाचांनी न केलेल्या गोष्टीसाठी! आणि मी समोर बसून पोहे खात होते.

पुढचा रविवार आला. पप्पांनी सकाळी आंघोळ केली, शर्ट घातला, चप्पल घातली, दारापर्यंत गेले. उभे राहिले. मग चप्पल काढून परत आत आले आणि टीव्ही लावला. आवाज इतका मोठा की खिडक्या वाजत होत्या.

मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. त्यांच्या समोर बसले, तोंड समोर करून, म्हणजे सगळं ऐकू जावं. आणि सांगितलं. स्प्रे, जाळी, वर्कशॉप, नंबर, सगळं.

पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तो म्हणाला होता गं."

"काय?"

"पॅड बसवताना. चाकाला पॉलिश-बिलिश मारू नको, तेल आत जातं. म्हणाला होता तो. मला ऐकू आलं होतं. तू मोबाईल बघत होतीस." अन् म्हणाले, "मला माहीतच नव्हतं तू मारलंस. मला वाटलं नुसती धुतली."

मग उठले, परत चप्पल घातली. "गाडी काढ. चार लोकांत बोललीस ना? चार लोकांतच बोलायचं आता."

सगळ्या रस्त्यात मी देवाला म्हणत होते की गॅरेजवर कुणी नसू दे. लाज वाटते सांगायला, पण माफी मागायला जातानाही मी हेच मागत होते. गॅरेज भरलेलं होतं. चाचा एका गाडीखाली, नुसते पाय दिसत होते. कुणीतरी पायाला हलवून म्हणालं, "चाचा, बाहर आओ, कोई आया."

चाचा बाहेर आले. माझ्याकडं बघितलंच नाय. पप्पांना म्हणाले, "पिछले इतवार नै आया. किधर था?"

पप्पा म्हणाले, "चुकलो." आणि त्यांनी हात जोडले. माझ्या पप्पांनी. चूक माझी आणि हात त्यांचे. मी काही बोलायच्या आत.

चाचांनी झटकन ते हात धरले. ग्रीसचे हात, पप्पांच्या इस्त्रीच्या शर्टाला सगळे डाग. "अबे, क्या कर रा? नक्को. बैठ तू पहले."

मग मी बोलले. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाय इतकं हळू आलं. पप्पा म्हणाले, "मला येत नाय ऐकू." मग मी मोठ्यानं बोलले. पॅड ओरिजिनल होते. पॉलिश मी मारलं. चाचांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाय. मी इथं येऊन खोटं बोलले, आणि ग्रुपवर पण खोटं लिहिलं. तिथं सहा-सात माणसं होती, कुणी पान खात होतं, कुणी मोबाईल बघत होतं. एकानं विचारलं, "म्हणजे टायर पॉलिश मारायचंच नाय का?" चाचा म्हणाले, "कपडे पे ले के टायर को लगाने का. फवारा नै मारने का." आणि त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. माझी माफी तिथंच राहिली बाजूला.

चहा आला. मला पण दिला. पप्पा आपल्या स्टुलावर बसले, चाचा परत गाडीखाली गेले, आणि दोघांचं नेहमीसारखं न बोलता सुरू झालं. मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं की मी विसरूनच गेले, म्हणाले, "चाचा, रिव्हर्स टाकताना पण कट्ट असा आवाज येतोय, बघता का?"

गाडीखालून आवाज आला, "ग्रुप पे डाल ना बेटा. वहाँ सब इंजिनिअर हैं."

सगळे हसले. पप्पा सगळ्यांना हसताना बघून जरा उशिरा हसले. मी पण हसले, काय करणार. चाचांनी रिव्हर्सचा आवाज त्या दिवशी बघितला नाय. अजून पण बघितलेला नाय. पप्पांनी नेली की बघतील, मला माहितीये.

तिथंच बसून मी ग्रुपवर माफी लिहिली. जुना मेसेज सगळ्यांकडून पुसायची वेळ निघून गेली होती. तीन अंगठे आले आणि एका काकूंचा प्रश्न, 'मग सिरॅमिक घ्यायचे की नाही?'

मला वाटलं, झालं, संपलं.

आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये ती शेजारची मॅडम म्हणाली, "अगं, तुम्ही तिकडं पडेगावला जाता ना गाडीला? जाऊ नका बाई, हे बघ." आणि तिनं मोबाईल समोर धरला. पाटीचा फोटो. माझी ती तीन उद्गारचिन्हं. वर लिहिलेलं, बऱ्याच वेळा पुढं पाठवलेला मेसेज. तिला तिच्या जावेनं बिडकीनवरून पाठवला होता. माफी कुणी पुढं पाठवली नाय. हाच गेला.

मी म्हणाले, "हे मी लिहिलंय. खोटं आहे हे."

ती म्हणाली, "तू?" आणि मग माझ्याकडं असं बघितलं ना, की शेंद्र्यापर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

म्हणून आत्ता लिहितेय. कुणाकडं तो मेसेज आला असेल तर पुढं पाठवू नका, आणि ज्यानं पाठवला त्याला हे पाठवा, हात जोडते. पॅड चांगले होते. माणूस तर लईच चांगला आहे.

आणि खरं सांगा, तुमच्याकडून झालंय का असं कधी? एखाद्या भल्या माणसाबद्दल घाईत काहीतरी लिहून टाकलं, आणि मग ते परत घ्यायला गेलात तर ते तुमच्या आधीच गावभर जाऊन आलेलं? झालं असेल तर सांगा. तुम्ही काय केलं पुढं?